बस नावाची विभक्ती

एसटीच्या थांब्यावर उभं राहून आपण ‘बस आली का?’ असं विचारतो, तेव्हा आपल्या तोंडी एक विभक्तिप्रत्यय असतो. नुसता प्रत्यय. तो ज्या शब्दाला लागला होता तो शब्द वाटेत कुठेतरी गळून पडला आणि शेपूट तेवढं चालत चालत आपल्या गावापर्यंत आलं.

गोष्ट अशी. १८२८ साली पॅरिसच्या रस्त्यांवर घोड्यांनी ओढायच्या लांबलचक गाड्या धावू लागल्या. भाडं भरेल त्या कुणालाही त्यांत बसता येई, म्हणून त्यांना लॅटिन नाव मिळालं होतं: ‘ऑम्निबस’, म्हणजे ‘सर्वांसाठी’. पुढच्याच वर्षी जॉर्ज शिलिबीर या गृहस्थाने तशी गाडी लंडनमध्ये सुरू केली. लंडनकरांनी काही वर्षांतच या लांब नावाचा पुढचा भाग कापून टाकला आणि ‘बस’ तेवढा ठेवला. आता लॅटिनमध्ये ‘ऑम्नि’ म्हणजे सर्व, आणि उरलेलं शेपूट म्हणजे चतुर्थीच्या अनेकवचनाचा प्रत्यय. आपण ‘सर्वांसाठी’ नावाच्या गाडीला लाडाने ‘साठी’ म्हणावं आणि मग ‘सव्वानऊची साठी चुकली’ असं बोलू लागावं, तसा हा प्रकार.

खरं नवल तर पुढेच आहे. शाळेत संस्कृत घेतलेल्यांनी ‘रामाय रामाभ्याम् रामेभ्यः’ घोकलेलं असतं. त्यातला ‘-भ्यः’ आणि लॅटिनमधला ‘-बुस’ हे सख्खे भाऊबंद आहेत. दोघांचं घराणं एकच. ‘रामेभ्यः’ हे रूप चतुर्थीचंही असतं आणि पंचमीचंही. लॅटिनमध्येही तो प्रत्यय नेमकी हीच दोन्ही कामं करतो. ‘ऑम्निबस’चं संस्कृत करायचं तर ‘सर्वेभ्यः’ होईल. संस्कृतच्या तासाला पाठ केलेला प्रत्यय आपल्याला रोज कामावर पोहोचवतो, हे मला जेव्हा पहिल्यांदा उमगलं तेव्हा कितीतरी वेळ दुसरं काही सुचेना.

इंग्रजी शब्द कसे घडतात आणि कसे बदलतात, या विषयात अशी नवलं पावलोपावली आहेत. शाळेत मात्र त्यातला एकच भाग आपल्या वाट्याला येतो: अपवादांच्या याद्या. ‘फूट’चं ‘फीट’ का, ‘गो’चं ‘वेंट’ कसं, ‘शीप’ एकही आणि अनेकही कशी, याचं उत्तर ‘असंच असतं, पाठ करा’ एवढंच मिळतं. पण या बहुतेक अपवादांच्या पोटात एके काळचा नियम आहे. तो नियम शोधून काढला की यादीची गोष्ट होते.

सुरुवात दगडापासून करू. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत दगडाला ‘स्टान’ म्हणत. दगडाचा म्हणायचं असेल तर ‘स्टानेस’, दगडाला ‘स्टाने’, अनेक दगड ‘स्टानास’, दगडांचा ‘स्टाना’, दगडांना ‘स्टानुम’. सहा रूपं. मराठी माणसाला यात परकं काही वाटणार नाही, कारण आपण ‘घर, घरं, घराला, घरांना, घराचं, घरांचं’ असंच बोलतो. त्या इंग्रजीत आपल्यासारखीच तीन लिंगंही होती. सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी, आणि बाईसाठी असलेला ‘वीफ’ हा शब्द चक्क नपुंसकलिंगी. आजचा ‘वाइफ’ तो हाच.

आज कानाला काय ऐकू येतं? ‘स्टोन’ आणि ‘स्टोन्स’. सहाची दोन झाली, लिंगं तर पार गेली. लिहिताना षष्ठीसाठी ‘एस’च्या आधी वर एक टिकली देतात. पूर्वी ‘स्टानेस’मध्ये ‘ए’ होता, तो गळाल्याची ही खूण. त्या भाषेचं एक स्मृतिस्थळच म्हणा ना.

हा गळतीचा प्रकार घडला कसा? एक कारण उच्चारातलं. इंग्रजीत आघात शब्दाच्या सुरुवातीला, मूळ अंगावर पडतो. मग शेवटचे स्वर विझत जातात. ‘आ’, ‘ए’, ‘उ’ सगळे मिळून एकाच अस्पष्ट स्वरात बुडतात. दुसरं कारण शेजाऱ्यांचं. ७९३ साली लिंडिसफार्नच्या मठावर उत्तरेकडच्या दर्यावर्दी वायकिंगांची धाड पडली. पुढे त्यांच्यातले कितीतरी लोक इंग्लंडच्या उत्तरेला आणि पूर्वेला वसले, शेती करू लागले, सोयरिकी झाल्या. त्यांची भाषा आणि इंग्रजी या चुलत बहिणी. शब्दांची अंगं बरीचशी सारखी, प्रत्यय मात्र वेगळे. रोजच्या देवघेवीत अंग कळलं की काम भागायचं, प्रत्यय अडखळवायचे. अशा वेळी प्रत्यय झिजतात, असं अनेक अभ्यासक मानतात. या सहवासाची खोली किती, तर ‘दे’, ‘देअर’, ‘देम’ ही सर्वनामंच इंग्रजीने या शेजाऱ्यांकडून उचलली. भाषा नामं सहज उसनी घेतात, पण ‘ते’, ‘त्यांचं’, ‘त्यांना’ हे शब्द दुसऱ्याच्या घरून आणणं फार विरळा. त्यात १०६६ साली नॉर्मन आले आणि दरबारात फ्रेंच बसली. लिहिण्याच्या जुन्या वळणाला धरून ठेवणारं कुणी उरलं नाही. १४०० सालापर्यंत जुन्या विभक्तींचा संसार जवळपास उठला होता.

आज इंग्रजीत रूपं बदलणारे प्रत्यय साधारण आठच मोजतात: नामाला अनेकवचन आणि षष्ठी, क्रियापदाला तृतीयपुरुषी एकवचन, भूतकाळ आणि दोन धातुसाधितं, विशेषणाला तर आणि तम. बस्स. एवढ्या तुटपुंज्या शिदोरीवर ही भाषा जगभर हिंडते, कारण विभक्तीचं काम तिने शब्दांच्या जागेवर सोपवलं आहे. ‘वाघाने शेळी खाल्ली’ आणि ‘शेळी वाघाने खाल्ली’, आपल्याकडे दोन्हीचा अर्थ एक. इंग्रजीत शब्दांची जागा बदला, शेळीच वाघाला खाईल.

या आठांपैकी एकाकडे, अनेकवचनाकडे, जरा कान देऊन बघा. आपण लिहिताना ‘एस’ एकच लिहितो, पण त्याचे उच्चार तीन आहेत. ‘कॅट्स’मध्ये स्पष्ट ‘स’ आहे. ‘डॉग’च्या अनेकवचनात तोच ‘जहाज’मधल्या ‘ज’सारखा घुमतो. आणि ‘बस’च्या अनेकवचनात मध्ये एक स्वर शिरून त्याचं ‘-इज’ होतं. कुठे काय येईल याचा नियम काटेकोर आहे. शब्द क, ट, प अशा अघोष वर्णाने संपला तर ‘स’. ग, ड, ब किंवा स्वर अशा घोष वर्णाने संपला तर घोष ‘ज’. आणि शब्दाच्या शेवटीच स, श, च, ज असा सीत्कारी वर्ण असेल तर दोन सीत्कार एकमेकांवर आदळू नयेत म्हणून मध्ये स्वर. संधी शिकलेल्या मराठी वाचकाला हे ओळखीचं वाटेल. ‘वाक्’ आणि ‘देवी’ जवळ आले की ‘वाग्देवी’ होते; पुढचा घोष वर्ण मागच्याला घोष करतो. इंग्रजीत मागचा वर्ण पुढच्याला आपल्या रंगात रंगवतो. दिशा उलटी, पण तत्त्व एकच. आणि या व्यवहाराला जगभरचे भाषाशास्त्रज्ञ आपलाच शब्द वापरतात: ‘संधी’.

हा नियम इंग्रज आईबाप मुलांना शिकवत नाहीत; बहुतेकांना तो आपण पाळतो हेही ठाऊक नसतं. मग मुलांना तो येतो कुठून? १९५८ साली जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेने हे पाहायची एक साधी, सुंदर युक्ती काढली. तिने पाखरासारखा एक गोलमटोल प्राणी चित्रात काढला आणि त्याला जगात कुठेच नसलेलं नाव दिलं: ‘वग’. चार ते सात वर्षांच्या मुलांना ती चित्र दाखवून सांगे, हा एक वग. आता आणखी एक आला. आता हे दोन… आणि ती थांबे. वाक्य मुलांनी पुरं करायचं.

मुलं म्हणत, ‘वग्ज’. घोष ‘ज’ लावून, अगदी बिनचूक. हा शब्द त्यांनी आधी कधीच ऐकलेला नव्हता, त्यामुळे पाठांतराचा प्रश्नच नव्हता. पिल्लू पोहायला शिकावं तसा त्या चिमुकल्या डोक्यांनी ऐकलेल्या हजारो शब्दांतून नियम स्वतःच गाळून घेतला होता. त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. ‘ग्लास’चं अनेकवचन नीट सांगणारी मुलं ‘टास’ या बनावट शब्दापाशी अडखळत. ‘-इज’चा तिसरा नियम त्यांच्यात अजून पुरता पिकला नव्हता. नियम एका रात्रीत येत नाही, तो रुजतो, वाढतो, हे त्या अडखळण्यातून कळलं.

म्हणूनच लहान मुलाची चूक ही मला भाषेतली फार मोलाची गोष्ट वाटते. इंग्रजी मूल आधी मोठ्यांचं ऐकून ‘वेंट’ म्हणतं. मग नियम सापडला की ‘गोड्’ म्हणू लागतं, ‘फूट्स’ म्हणू लागतं. आपल्याकडचं मूल ‘मी केलं’ सोडून ‘मी करलं’ म्हणतं, तेव्हा त्याच्या डोक्यात नेमकं हेच चाललेलं असतं. ते मूल मागे पडलेलं नसतं. त्याला व्याकरण सापडलेलं असतं.

आता ते हट्टी अपवाद. ‘फूट’चं ‘फीट’ हा स्वरबदल वरवर पाहता मनमानी वाटतो. पण लिखित इंग्रजी सुरू होण्याच्याही आधी पावलासाठी ‘फोट’ हा शब्द होता आणि त्याच्या अनेकवचनाच्या शेपटात ‘इ’ होती. पुढे ‘इ’ म्हणायची आहे हे जिभेला माहीत असायचं, म्हणून ‘ओ’ म्हणतानाच ती पुढे सरकायची. हळूहळू ‘ओ’चा ‘ए’ झाला. मग शेवटची ‘इ’ नेहमीप्रमाणे गळाली, पण तिने बदललेला स्वर मात्र तसाच राहिला. पाहुणा निघून गेला तरी त्याच्यासाठी सरकवलेलं सामान जागेवर यायचं राहून गेलं, असं काहीसं. ‘टीथ’, ‘गीस’, ‘माइस’, ‘मेन’ ही सगळी याच घरची माणसं. ‘बुक’ही यांच्यातलंच होतं, त्याचं जुनं अनेकवचन ‘बेच’ होतं. ते मागे पडलं आणि ‘बुक्स’ आलं. ‘चिल्ड्रन’ची कथा तर निराळीच. ‘चाइल्ड’चं अनेकवचन एके काळी ‘चिल्डर’ होतं. पुढे त्यातला अनेकवचनी ‘र’ लोकांना जाणवेनासा झाला, म्हणून ‘ऑक्सन’मध्ये आजही टिकलेला ‘-अन’ त्यावर आणखी चढवला. तेव्हा ‘चिल्ड्रन’ हे अनेकवचनाचं अनेकवचन आहे.

आणि ‘गो’चं ‘वेंट’? ते ‘गो’चं नव्हेच. ‘वेंड’ नावाचं वळण्या-जाण्याच्या अर्थाचं दुसरं क्रियापद होतं, त्याचा भूतकाळ ‘वेंट’. ‘गो’ने तो दत्तक घेतला. याला हसण्याआधी आपण आपल्याकडे बघावं: ‘जातो, जाईन, जावं’, पण भूतकाळात ‘गेला’. आपलं ‘जा’ संस्कृत ‘या’ धातूपासून आलं आणि ‘गेला’ ‘गत’पासून, म्हणजे ‘गम्’पासून. एकमेकींपासून हजारो मैलांवर असलेल्या दोन भाषांनी नेमक्या ‘जाण्या’च्याच बाबतीत दोन धातूंचा एक संसार मांडला. ‘असणे’ या अर्थाच्या इंग्रजी क्रियापदात तर तीन धातू नांदतात, आणि तिन्ही आपल्या ओळखीचे आहेत. ‘अॅम’ आणि ‘इज’ म्हणजे ‘अस्मि’ आणि ‘अस्ति’मधला ‘अस्’. ‘बी’ म्हणजे ‘भू’. आणि ‘वॉज’ म्हणजे राहणे या अर्थाचा ‘वस्’.

असे जुने अवशेष नेमके याच शब्दांत का टिकले? कारण हे शब्द रोजच्या वापरातले. वापरातली कळशी लखलखीत राहते, माळ्यावरची काळवंडते. इंग्रजीतली सर्वांत जास्त वापरली जाणारी दहाही क्रियापदं अनियमित आहेत. २००७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एरेझ लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं गणितच मांडलं. जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदं त्यांनी घेतली. मधल्या काळातल्या इंग्रजीत त्यांपैकी १४५ अनियमित राहिली होती, आज ९८ उरली आहेत. त्यांना दिसलं ते असं: एखादं क्रियापद दुसऱ्यापेक्षा शंभरपट कमी वापरलं जात असेल, तर ते दहापट वेगाने नियमाच्या रांगेत जातं. ‘हेल्प’चा भूतकाळ एके काळी ‘होल्प’ होता. आज तो गरीब बिचारा ‘हेल्प्ड’ झाला आहे. ‘वॉज’ मात्र जागचं हललेलं नाही. लोकांच्या जिभाच त्याला सांभाळून आहेत.

हे झालं रूप बदलण्याचं. नवे शब्द घडवण्याची इंग्रजीची टाकसाळ त्याहून मोठी आहे. तिथलं जुनं नाणं हातात घेतलं की कधी कधी आपल्याच घरचा छाप दिसतो. ‘स्वीट’ आणि संस्कृत ‘स्वादु’ एकाच मुळाचे, दोघांचा अर्थ गोड. इंग्रजीतला तमदर्शक ‘-एस्ट’ आणि आपल्या ‘ज्येष्ठ’, ‘कनिष्ठ’, ‘वरिष्ठ’मधला ‘-इष्ठ’ हेही एकच. मग ‘स्वीटेस्ट’ म्हणजे काय? ‘स्वादिष्ठ’. अंगाला अंग, प्रत्ययाला प्रत्यय. मराठीत आपण ‘स्वादिष्ट’ लिहितो आणि नुसतं ‘चवदार’ एवढ्या अर्थाने वापरतो, पण मूळ अर्थ ‘सर्वांत गोड’ असाच आहे. ‘अनकूथ’ हा शब्द आज रांगड्या, असंस्कृत माणसासाठी वापरतात. त्याचा जुना अर्थ ‘अनोळखी’, आणि त्याचा संस्कृत जुळा भाऊ म्हणजे ‘अज्ञात’. ‘अन-’ म्हणजे आपला नकारार्थी ‘अ-’, आणि ‘कूथ’ म्हणजे ‘ज्ञात’.

प्रत्यय तरी येतात कुठून? बरेचसे एके काळी पूर्ण शब्द होते. ‘फ्रेंडली’मधला ‘-ली’ म्हणजे ‘लीक’, अर्थ देह. मित्राचा देह धारण केलेला तो ‘फ्रेंडली’. ‘किंगडम’मधला ‘-डम’ म्हणजे ‘डोम’, निवाडा. राजाचा निवाडा चालतो तो मुलूख. ‘चाइल्डहूड’मधला ‘-हूड’ म्हणजे अवस्था. शब्द झिजून प्रत्यय होतात, प्रत्यय झिजून नाहीसे होतात, आणि क्वचित, ‘बस’सारखा एखादा प्रत्यय उलट्या वाटेने चालत पुन्हा शब्द होतो.

सामासिक शब्द तर काही वेळा एवढे आक्रसतात की समास ओळखूही येत नाही. ‘लॉर्ड’ हा ‘लाफवेअर्ड’चा अवशेष आहे. ‘लाफ’ म्हणजे आजचा ‘लोफ’, पाव. ‘वेअर्ड’ म्हणजे राखणदार. ‘लॉर्ड’ म्हणजे घरच्या भाकरीचा राखणदार, आपला ‘अन्नदाता’. ‘लेडी’ म्हणजे कणीक मळणारी. ‘विंडो’ उत्तरेकडच्या त्या दर्यावर्द्यांचा शब्द, अर्थ ‘वाऱ्याचा डोळा’. आपल्याकडे खिडकीला ‘गवाक्ष’ म्हणजे ‘गाईचा डोळा’ म्हणतात. भिंतीतल्या भोकाला डोळा म्हणावंसं दोन्हीकडच्या माणसांना वाटलं. समासांची नावंही इंग्रजी व्याकरणकारांनी आपल्याकडून घेतली. ‘रेडहेड’ म्हणजे लाल डोकं नव्हे, लाल केसांचा माणूस. ‘गजानन’ म्हणजे हत्तीचं तोंड नव्हे, ते ज्याला आहे तो देव. अशा समासाला इंग्रजी भाषाशास्त्राच्या पुस्तकांतही ‘बहुव्रीहि’च म्हणतात. पुष्कळ तांदूळ आहे ज्याच्याकडे, तो बहुव्रीहि. हा शब्द स्वतःच स्वतःचं उदाहरण आहे.

पाणिनीने ‘लोप’ नावाची कल्पनाही दिली: प्रत्यय आहे, पण दिसत नाही. ‘शीप’च्या अनेकवचनात आजचे भाषाशास्त्रज्ञ असाच शून्य प्रत्यय मानतात. सुमारे चार हजार सूत्रांच्या ‘अष्टाध्यायी’तली ही नजर एका मेंढीला किती नेमकी लागू पडते!

प्रत्यय गमावून इंग्रजीने एक मोठी मोकळीकही कमावली. अंगावर ओळखीची खूण उरली नाही, म्हणून कुठलाही शब्द कुठेही जाऊन बसू शकतो. ‘वॉटर’ म्हणजे पाणी, आणि तोच शब्द क्रियापदाच्या जागी ठेवला की झाडांना पाणी घालणं. ‘हँड’ म्हणजे हात, आणि हाती देणंही. ‘बटर’, ‘फोन’, ‘ईमेल’ सगळे असेच. आपल्याला ‘फोन’ला ‘करणे’ जोडावं लागतं, ‘हात’चं ‘हाताळणे’ घडवावं लागतं. इंग्रजीत जागा बदलली की काम बदलतं.

आणि आता पुन्हा थांब्यावर येऊ. पावसाळ्यात कुणीतरी हमखास म्हणतं, ‘आज सगळ्याच बसेसना उशीर आहे.’ तो ‘बसेसना’ शब्द सावकाश उलगडून बघा. ‘बस’ हा लॅटिनचा चतुर्थी अनेकवचनाचा प्रत्यय, संस्कृत ‘-भ्यः’चा भाऊबंद. त्यावर ‘-एस’, इंग्रजीचं अनेकवचन, ‘स्टानास’मधल्या ‘-आस’चा वंशज. त्यावर ‘-ना’, मराठीच्या चतुर्थीचं अनेकवचन. तीन भाषांचे तीन प्रत्यय एकावर एक उभे आहेत, आणि त्यांच्या खाली मूळ शब्द म्हणून काहीही नाही. तरी तो शब्द ऐकणाऱ्या प्रत्येकाला क्षणात कळतो.